देव अंधारात

कडुनिंबाचा पाला जळाल्याचा वास आला की सातपुड्याच्या पायथ्याची ती टेकडी आठवते. प्लेगच्या साथीत उंदीर पडू लागले, तसं अख्खं गाव घरं सोडून टेकडीवर कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या झोपड्यांत राहायला गेलं. तिथे रोज निंबाचा धूर करायचे. मी नवी सून होते. थंडी हाडांत शिरायची, पण उघड्यावर चूल पेटली की बरं वाटायचं. सासूबाईंचा जीव मात्र खाली बंद घरात अडकलेला. ‘देव अंधारामा शे, दिवा लाई येस,’ म्हणत त्या रोज तिन्हीसांजेला एकट्याच उतरायच्या. कुणाचं ऐकायच्या नाहीत. एकदा परतल्या त्या झोपडीकडे आल्याच नाहीत, लांब पळसाखाली कुडकुडत बसल्या. मी धावले, तशा ओरडल्या, ‘मना जोडे येऊ नको, माय. भाकर तठेच ठेव.’ मी दगडावर भाकर ठेवली आणि मागे फिरले. सकाळी भाकरीला मुंग्या लागल्या होत्या आणि पळसाखाली त्या गार पडल्या होत्या. खाली घरात त्यांनी लावलेला दिवा तेल संपेपर्यंत जळत राहिला असेल. मी पुन्हा दिवा लावला नाही. माझ्या घरातला देव अजून अंधारातच बसतो.