ताईच्या हॉलची लाकडी जमीन

माझ्या ताईला परक्या कुणी फसवलं असतं तर मी त्याच्या दारात जाऊन भांडले असते. तशी मला भांडायची हौसच आहे. पण तिला फसवलं भाऊजींनी, तिच्या सख्ख्या नवऱ्याने, आणि तेही खुर्चीत बसल्या बसल्या.

ताई नाच शिकवते. क्लास घरातच, हॉलमध्ये. फरशीवर नाचून पोरींच्या गुडघ्यांची वाट लागते म्हणून तिने हौसेने लाकडी जमीन करून घेतली होती. तिच्यावर कुणी चपला घालून आलं की ताई अंगावर धावून जायची, मग तो जावई असो की डॉक्टर. भाऊजी मात्र येईल त्याला सांगायचे, "पोरी नाचायला लागल्या की घर कसं भरल्यासारखं वाटतं!" असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं आमची आई म्हणायची. मीही म्हणायचे. जळलं मेलं ते भाग्य!

झालं काय, दोघं बाहेरगावी गेलेली असताना सिंकखालचा पाइप फुटला. परत येऊन बघतात तर हॉलमध्ये पाणीच पाणी. उपसलं, पुसलं, पण फळ्या फुगल्या आणि त्यांच्या कडा वर आल्या. मिस्त्रीने वाकून सगळं तपासलं.

"घाई करू नका, बाई," तो म्हणाला. "आत्ता घासून सपाट केलं तर सुकल्यावर कडा खाली जातील आणि मधे उंचवटे राहतील. पंखे आणि हे ओल ओढणारं मशीन दिवसभर चालू द्या. सावकाश सुकली तर बसेल जागेवर. पण ओल आत राहिली तर फळ्या खालून कुजतील. मग उखडण्यावाचून इलाज नाही."

तोवर ताईने क्लास जवळच्या शाळेतल्या एका खोलीत हलवला. भाऊजी रिटायर झालेले, घरीच. "तुम्ही आहात म्हणून मला घोर नाही," असं म्हणून ती दुपारी निघायची. सकाळी उठली की आधी फळ्यांवरून हात फिरवायची, पोराचा ताप बघावा तसा.

पण जमीन काही सुकेना. कोपरे काळे पडायला लागले, कुबट वास सुटला. मिस्त्री चक्रावला. "मधे पंखे बंद तर होत नाहीत ना?"

ताई तडकली. "अहो, आमचे हे दिवसभर घरात असतात!"

भाऊजींनी मान डोलावली. खुशाल डोलावली!

एका दुपारी मी न सांगता गेले. दार नुसतं लोटलेलं. आत चिडीचूप. सगळे पंखे बंद, मशीनची पिन काढून ठेवलेली. आणि भाऊजी खुर्चीत, डोळे मिटून, कसे अगदी तृप्त!

"भाऊजी, हे काय?"

"अगं, आत्ताच बंद केलं, जरा..."

मी मशीनचं पाणी साठायचं भांडं ओढून पाहिलं. कोरडं ठणठणीत. तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं.

"इतकी वर्षं ती धपधप ऐकतोय. डोकं उठतं माझं. तिला कसं सांगायचं? जमीनच गेली की क्लास आपोआप बंद होईल. कुणाला वाईटपणा नको."

वाईटपणा नको म्हणे! माझ्या अंगाची नुसती लाही झाली. ताई आल्यावर त्यांच्यासमोरच तिला सगळं सांगितलं. वाटलं, आता ही घर डोक्यावर घेणार. पण ती त्यांच्याकडे वळली.

"शाळेने मला केव्हाच कायमची खोली देऊ केली होती," ती त्यांना म्हणाली. "तुम्हाला घर खायला उठेल म्हणून मी नाही म्हणत आले. तोंडाने एकदा सांगायचं होतंत हो."

भाऊजी रडायला लागले. मला तीळभर दया आली नाही.

शेवटी मिस्त्री पहार घेऊन आला. पहिली फळी उचकटली तर खालून पार कुजलेली. ताई एकेक फळी उचलून दारात नेऊन ठेवत होती. भाऊजी पुढे झाले आणि त्यांनी फळीचं दुसरं टोक धरलं.

"राहू द्या," ताई म्हणाली. "तुम्ही आत जाऊन बसा. इथे आवाज होणार आहे."