व्हॉल्व्हवरची काजळी

माझ्या भाचीच्या साखरपुड्यात, भरल्या पंगतीत दाजी म्हणाले होते, "ह्याचा हात कार्बोरेटरपुरताच. नवी इंजिनं ह्याच्या टाळक्यात शिरायची न्हाईत." दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कामथडीला त्यांचं गॅरेज, आणि त्यात मी अकरा वर्षं हात काळे केलेले. घरच्या जावयाला उलट बोलायचं नसतं, म्हणून मान खाली घालून जेवलो आणि महिन्याभरात शिवऱ्याला हायवेच्या कडेला स्वतःची शेड टाकली. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. सगळ्या पाहुण्यांसमोर बोलले, तर सगळ्या पाहुण्यांसमोरच त्यांचं नाक खाली करायचं, एवढंच माझ्या मनात होतं.

शेड टाकून पाच-सहा वर्षं झाली होती, दोन हजार आठ-नऊचा सुमार असेल. पालीच्या एका हॉटेलवाल्यानं परदेशी बनावटीची जुनी गाडी माझ्याकडे आणली. पेट्रोलचीच, पण पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारी. सकाळी चालू केली की थरथरायची, आणि वरंधा घाटाच्या चढाला तिचं अवसानच गळायचं. दाजींनी कॉम्प्युटर लावून प्लग बदलले होते, कॉइल बदलल्या होत्या, शिवाय इंजिन साफ करायच्या औषधाच्या तीन बाटल्या टाकीत ओतल्या होत्या. हे ऐकून मला इतका आनंद झाला की मी हॉटेलवाल्यालाच चहा पाजला.

साध्या इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल आत जाताना व्हॉल्व्हच्या पाठीवर पडतं आणि ती धुऊन काढतं. म्हणून तिथं औषध लागू पडतं. हिच्यात मोठ्या दाबाचा पंप पेट्रोल एकदम आतच मारतो, व्हॉल्व्हच्या वाट्याला येते नुसती हवा आणि ऑइलची वाफ. खरं सांगायचं तर हे मलाही ठाऊक नव्हतं. इंजिनात हवा नेणारं मॅनिफोल्ड उतरवलं तेव्हा दिसलं. चुलीवरच्या पातेल्याच्या बुडासारखा काळा थर, नख रुतेल एवढा. टाकीत गंगा ओतली असती तरी तिथं थेंब पोचला नसता.

मी काही साफ केलं नाही. रविवारी पाहुण्यांना जेवायला बोलावलं, दाजींनाही. जेवणं झाल्यावर सगळ्यांना शेडमध्ये नेलं, दाजींना मानानं खुर्ची दिली आणि म्हणालो, "दाजी, जरा बोट घालून बघता का?"

त्यांनी बोट घातलं. काळं झालेलं बोट बराच वेळ न्याहाळलं. "पेट्रोल हितं येतच न्हाई व्हय?"

"न्हाई. तुमच्या तिन्ही बाटल्या वाया गेल्या."

पाहुण्यांतले माझे मामा हसले. मला वाटलं, आता हे चिडतील, आता पाय आपटत निघून जातील.

"मग म्याच चुकलो," दाजी सगळ्यांसमोर म्हणाले. "हे काढायचं कसं, दाव मला."

जावईपण बाजूला ठेवून दोन दिवस ते माझ्या हाताखाली ब्रशनं काजळी खरवडत बसले. पुढं तसली प्रत्येक गाडी त्यांनी माझ्याकडे धाडली, "त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतंय," असं सांगून.

मला त्यांना जळताना बघायचं होतं. इतकी वर्षं जपलेला सूड त्या माणसानं तीन शब्दांत काढून नेला, आणि त्यासाठी मी त्यांना आजही माफ केलेलं नाही.