शरणप्पाचा चर

वळसंग ते सोलापूर एसटीनं तासाभराचं अंतर, पण शरणप्पा लिंगैक्य झाल्याचं पोस्टकार्ड मला तिसऱ्या दिवशी मिळालं. तोवर सगळं उरकलं होतं. या माणसानं हयातीत कुणाला ताटकळत ठेवलं नाही, आणि त्याचा निरोप मात्र रेंगाळत आला, याचा मला पोस्टावर राग आला. खरं तर राग माझ्यावरच होता... एवढ्या जवळ राहून मी सोलापूरला परतल्यापासूनच्या दोन वर्षांत एकदाही त्याला भेटायला गेलो नव्हतो.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही एकाच कामावर होतो. तो नालाबांधावर मुकादम, मी मोजणीच्या दुर्बिणीपाशी. काम संपल्यावर दोघंही चांद्याकडच्या उघड्या कोळसा खाणीवर गेलो. तिथं मला मोजणी मिळाली आणि शरणप्पाला पाण्याची टोळी. खाणीच्या वरच्या अंगानं चर खणायचा आणि पावसाचं पाणी खड्ड्यात उतरण्याआधीच नाल्याला लावून द्यायचं, हे त्याचं काम. एका तांब्यात तोंड धुऊन उरलेलं पाणी झाडाला घालणाऱ्या माणसाला पाणी हाकलून द्यायच्या कामावर नेमलं होतं, यावर मी त्याची यथेच्छ चेष्टा करायचो. तो हसायचा आणि फावडं चालवायचा.

दुसऱ्या पावसाळ्यात मात्र त्याला राहवलं नाही. खाणीच्या कडेपासून थोडं वर एक सखल जागा होती. "एवढं पानी सोडवत न्हाय रं. तू निस्ती लेवल दे," तो म्हणाला. बांध कुठं आणि किती उंच घालायचा, याची लेव्हल मी दुर्बीण लावून दिली, त्यानं बांध घातला. सुरेख तळं झालं. वस्तीची गुरं तिथं येऊ लागली, रविवारी आम्हीही डुंबायला जायचो. पाणी साचलेलं दिसलं की आमच्याकडच्या माणसाला बरंच वाटतं. ते जमिनीत मुरून कुठं जातं, हे दोघांनीही विचारलं नाही.

ते खाणीच्या भिंतीत जात होतं. श्रावणात एका दुपारी भिंत खचली आणि तळातला पंप मातीखाली गाडला गेला. पंपवाला गोविंदा भाकरी खायला वर आला होता, म्हणून वाचला. शरणप्पानं कमरेइतक्या पाण्यात उभं राहून आपला बांध आपल्या हातानं फोडला. चौकशीत साहेबांनी विचारलं, लेव्हल कुणी दिली? मी तिथंच, दाराशी उभा होतो. शरणप्पानं माझ्याकडे पाहिलंही नाही. "नजरेनं बांदला साहेब," एवढंच म्हणाला. त्याची नोकरी गेली, माझी राहिली, पुढं बढतीही मिळाली. सोलापूरला परतल्यावरही वळसंगची गाडी मी टाळत राहिलो, ती याच लाजेनं.

परवा गेलो. त्याच्या घराभोवती वीतभर खोल चर आहे. गाव त्याला हसायचं, हितं पाऊस कुटला म्हणून. तो मात्र दर मृगाआधी चर साफ करायचा. यंदा त्यात पाचोळा साचला होता आणि फावडं भिंतीला टेकून होतं. मी ते उचललं आणि पाचोळा काढू लागलो. काम संपल्यावर शरणप्पाची बायको, गौरव्वा वहिनी, तांब्या घेऊन आल्या, तेव्हा सांगून टाकलं. "वहिनी, त्या बांधाची लेव्हल मी दिली होती."

"ठावं हाय की, भावजी," त्या म्हणाल्या. "ते म्हनायचे, दत्तूची लेवल बराबर हुती, माजा बांद चुकला. तुमी आलासा की सांगायचं म्हनून ऱ्हायले हुते."

मी हात पुढं केले. वहिनींनी पाणी ओतलं. ते माझ्या हातांवरून चरात उतरलं आणि घराला वळसा घालून, कुठंही न थांबता, परसातल्या लिंबाच्या आळ्यात गेलं.