मी डिफरन्शिअलला वेल्डिंग मारलं

शाळेनं मला चौथीत सोडलं. लोकांना मात्र मी सांगायचो, शाळा मीच सोडली. तर अशा माणसानं एकदा गाडीच्या मागच्या डिफरन्शिअलचा अभ्यास केला. हसा, हसा.

नव्वदच्या आसपास बापानं बदलापूरजवळच्या खरवईतला जमिनीचा तुकडा विकला आणि मी टॅक्सीतून रिटायर झालेली गाडी घेतली. लाल रंग मारला, सायलेन्सर कापला, कार्बोरेटर मोठा टाकला. पुढून बघितलं तर शर्यतीची गाडी, मागून बघितलं तर टॅक्सीच.

अंबरनाथला कारखान्यांच्या बाजूच्या सरळ रस्त्यावर आम्ही रिकामटेकडे संध्याकाळी रेस लावायचो. मी क्लच सोडला की मागचं एकच चाक खडीवर जागच्या जागी फिरायचं. दुसरं नुसतं बघत बसायचं, अगदी मालकासारखं. एका ऑफिसरचा पोरगा ओरडायचा, "अरे, तुझी गाडी लंगडी खेळतेय!"

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एक म्हातारा सिंधी मेकॅनिक होता. त्यानं समजावलं. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, म्हणून डिफरन्शिअल दोन्ही चाकांना आपापल्या चालीनं फिरू देतं. पण खडीवर घसरणारं चाकच सगळा जोर खातं. जीपचे दाते टाकले तर पिकअप वाढेल, टॉप स्पीड जाईल. आतल्या दात्यांना वेल्डिंग मारलं तर दोन्ही चाकं एकत्रच फिरणार.

"लेकिन साईं, फिर सीधा भागेगी. मुड़ेगी नहीं."

"तुम वेल्डिंग मारो. मुड़ने का मैं देख लूँगा."

मी देखणार काय, कपाळ! पुढच्याच रेसला ऑफिसरच्या पोराला मागं टाकलं आणि सरळ रस्ता संपतो तिथल्या वळणावर थेट तबेल्याच्या शेणात घुसलो. तरी गावभर सांगत फिरलो की जिंकलो.

तेव्हा बहिणीचं लग्न महिन्यावर आलेलं. सासर कॅम्प चारला. तिनं माझ्याकडे एकच मागितलं होतं. "दादा, मला टेम्पोतनं भांड्यांबरोबर पाठवू नको. तुझ्या गाडीतनं नेऊन सोड." मेकॅनिक म्हणाला, शादी के पहले पुराना वाला डाल. दोन दिवसांचं काम. पण काढलं असतं तर पोरं म्हणाली असती, घाबरला. शेणात पडलेल्या माणसाला इज्जतीची केवढी काळजी!

लग्न लागलं, बोनेटवर फुलं बांधली, मागं नवरा-नवरी बसले. बदलापूर सोडलं आणि प्रत्येक वळणाला मागचे टायर किंचाळायला लागले.

"दादा, गाडी रडतेय का रे?"

"तू चाललीस ना बाय, म्हणून."

जावईबापू हसले. तेच शेवटचं हसणं.

कॅम्प तीनला जीन्सच्या कारखान्यांच्या गल्लीत वळायचं होतं आणि समोर हातगाडी. मी स्टिअरिंग पूर्ण फिरवलं. गाडी अडली. मी अजून अ‍ॅक्सिलेटर दाबला, कारण माझ्याकडे सगळ्या रोगांवर तेवढंच औषध. मागून 'टण्ण' आवाज आला. शाफ्ट चाकाजवळच तुटला, चाक तिरकं झालं आणि गाडी बुड टेकून बसली. शिलाई मशीनवरची माणसं कामं टाकून बाहेर आली. कुणीतरी म्हणालं, "दूल्हे, धक्का मार!"

बहिणीनं शालू उचलला, खाली उतरली आणि स्वतःच शेअर रिक्षा थांबवली. आतल्या बाईनं पँटींचं गाठोडं मांडीवर घेऊन जागा केली.

"बाय, दहा मिनिटं थांब. मी करतो काहीतरी."

"नको दादा. तू काही करू नको."

रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. मुंडावळ्या बांधलेल्या नवऱ्याला घेऊन ती रिक्षात बसली. माझ्यासाठी जागाच नव्हती. मी पाठून पळत गेलो.

पोचलो तेव्हा तिनं माप ओलांडलेलं, तांदूळ उंबऱ्यात सांडलेले. आतून कुणीतरी विचारलं, "मुलीला सोडायला कोण आलंय?"

ती म्हणाली, "कुणी नाही. आम्ही आमचे आलो."

मी दारातच होतो. दोन पावलं आत टाकली असती तर दिसलो असतो. पण खाली चपला होत्या, मी त्यांच्याकडेच बघत राहिलो.