एकाच नावाला दोघी उठलो

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. तुम्ही हसाल, म्हणाल मोबाईलच्या जमान्यात हे काय खूळ. बेंबळीला या, आमच्या सासूबाईंसमोर एकदा घेऊन दाखवा, मग हसा.

लग्नाला नऊ वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. दोष ह्यांच्यात, बोलणी मात्र मी खाल्ली. शेवटी सोलापूरच्या एका दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बीज नावालाच आहे, पण एक मिळालं तरी पुरे, इक्सी करू. त्यांनी पडद्यावर दाखवलं. केसाहून बारीक काचेची सुई. वळवळणाऱ्यांतलं एक निवडायचं, ते पळू नये म्हणून आधी त्याची शेपटी मोडायची, मग त्याला सुईत ओढून बाईच्या अंड्यात सोडायचं. “शेपटी मोडतात?” ह्यांनी विचारलं. माझ्याही अंगावर काटा आला होता. दुर्बिणीला डोळा लावून बसलेला कुणी परका माणूस ठरवणार, माझ्या पोटी कोण यायचं ते.

गर्भ आत सोडायच्या दिवशी हे उसाच्या ट्रॅक्टरवर होते, म्हणून सोबत सासूबाई आल्या. बाकावर शेजारी लोहाऱ्याची एक बाई बसली होती. तिचंही त्याच दिवशी, तेच काम. मोठी बोलकी. घाबरू नका म्हणाली, आणि मला हसवायला उखाणाच घेतला: “सोलापूरच्या बाजारात घेतली चादर, अमुकरावांचा करते मी मनापासून आदर.” अमुकराव मी इथं घातलंय. तिनं घेतलं ते आमच्या ह्यांचं नाव. माझं हसू जागीच थांबलं. आडनाव विचारलं तर तेही तेच. आपल्याकडं निम्मी गावं एकाच आडनावाची, त्यात नवल नाही. पण कुणीतरी माझ्या जागेवर बसलंय, असं काहीतरी मनात येऊन गेलं.

तेवढ्यात दारातून सिस्टरनं ते नाव पुकारलं, मिसेस कोण म्हणून, आणि आम्ही दोघी उठलो.

सिस्टर वैतागली. मला आत घेतलं, सासूबाई दारापर्यंत आल्या. “मिस्टरांचं पूर्ण नाव सांगा, वडलांच्या नावासकट.” आता आली का पंचाईत! ह्यांचं नाव माझ्या जिभेवर येईना, आणि सासऱ्यांचं तर सासूबाईंनीही उभ्या जन्मात घेतलेलं नाही. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी पदर तोंडाला लावला. “कागदावर हाय की ओ बाई. वाचा की तुमीच.” सिस्टरनं कागद माझ्यापुढं धरला. “हेच ना?” मंगळसूत्र, चष्मा, सगळं आधीच काढून घेतलेलं. अक्षरं नुसती मुंग्यांसारखी दिसत होती.

मी म्हणाले, “व्हय.”

अगं बाई, तेवढं नाव घेतलं असतं तर जीभ झडली असती का? पण नाही घेतलं. त्या दिवसापासून ते ‘व्हय’ माझ्या मागं लागलंय.

दवाखान्यात नंबर असतात, चिठ्ठ्या असतात, चूक होत नाही, असं डॉक्टर म्हणतात. मी कुठं नाही म्हणते? मुलगा झाला, गावभर पेढे वाटले. जो तो त्याच्यात कुणीतरी शोधतो. नाक आजाचं, कपाळ चुलत्याचं. मी त्याला न्हाऊ घालताना बघत बसते आणि मला त्याच्यात कुणीच सापडत नाही. ते नसणारं माणूसच जणू माझ्याकडं बघत असतं. रक्त तपासून खरं कळतं, असं मोबाईलवर वाचलं. वाचलं आणि पुसून टाकलं. ह्यांना आजवर यातलं अक्षर सांगितलेलं नाही.

ह्या उन्हाळ्यात धाराशिवच्या स्टँडवर ती लोहाऱ्याची बाई भेटली. तिनंच मला ओळखलं. कपाळ मोकळं, हात मोकळे. “माझं काय राहिलं न्हाय तवा,” ती म्हणाली. “अन् मालक बी गेल्या साली गेले.” बोलत माझ्याशी होती, बघत होती पोराकडं. “घेऊ का जरा?”

आमचं पोरगं सख्ख्या मामाकडं जात नाही. ते गेलं. तिच्या खांद्यावर मान टाकली आणि त्या गोंगाटात, भर दुपारी, झोपलं. त्याचे डोळे झोपेत अर्धे उघडे राहतात, जन्मापासून. नवं माणूस बघून दचकतंच. ती दचकली नाही. रोजची सवय असावी तसा तिनं त्याच्या डोळ्यांवर तळवा धरला.

“आमचे बी असंच झोपायचे,” ती म्हणाली. “लोक लई भ्यायचे.”

तिच्या मनात काही नव्हतं, हे मला स्वच्छ दिसत होतं. मला तिची दया आली, आणि त्याच दमात भीतीही वाटली.

“गाव कंचं म्हणालात तुमचं?” तिनं विचारलं. “येते एखाद्या दिवशी. बघून जाते ह्याला.”

मी म्हणाले, “ढोकी.” पोराला तिच्या खांद्यावरून ओढून घेतलं, आणि समोर बेंबळीची गाडी लागलेली असताना, तिच्या देखत, ढोकीच्या गाडीत चढले.