बाबांचा पांढरा एप्रन

बाबा गेल्यावर परवा करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये त्यांची बॅग उघडली आणि जुन्या चामड्याचा वास आला. आत त्यांचा फ्रीमेसनांचा, म्हणजे त्या गुप्त खुणा-शपथांच्या मंडळाच्या सभेत बांधायचा, पांढरा चामडी एप्रन होता. त्या वासासरशी पनवेलमधलं आमचं जुनं स्वयंपाकघर आठवलं.

मी लहान होते. बाबा मुंबईहून त्या मंडळाची सभा आटोपून आले होते. तिथे सैतानाला पुजतात, असं शेजारणीने आईच्या डोक्यात भरवलेलं.

"नक्की करता काय हो तिथे?"

"शपथ आहे. घरी बोलायचं नाही," बाबा म्हणाले.

आईने त्यांच्यावरून मीठमोहऱ्या उतरवून शेगडीत टाकल्या. धुराने ती खोकत राहिली. बाबा गंभीर चेहऱ्याने उभे होते. मला वाटलं, शपथेचं ओझं असणार.

काल त्यांच्या सभेतले एक काका भेटायला आले. मी सैतानाचं विचारल्यावर ते हसले. "अगं, गुपित म्हणजे हात मिळवायची खूण आणि दोन-चार शब्द. बाकी पाठांतर, जेवण, डोळ्यांची शिबिरं. घरी सांगायला कसली बंदी? वर्षातून एकदा बायकामुलांनाही बोलवायचो. तुझे बाबा म्हणायचे, आमच्या हिला नाही आवडत."

शपथ म्हणे! येतेस का, असं आईला त्यांनी कधी विचारलंच नाही. ती जाईपर्यंत दर सभेच्या दिवशी मीठमोहऱ्या काढून ठेवायची. आता वाटतं, त्या गंभीर चेहऱ्यामागे बाबा हसू दाबत होते.