खोक्यातली ओटी

विद्याताईंच्या हातची कुरडई तळली की कढईभर फुलते, हे झाशीतल्या मराठी घरांना सांगावं लागत नाही. बुंदेलखंडचं ऊन माणसाला भाजून काढतं, पण कुरडयांना ते मानवतं. यजमान रेल्वेतून निवृत्त झाल्यावर बाईंनी प्रेमनगरच्या घरी हा उद्योग मांडला. भाजणी, मेतकूट, सांडगे, कुरडया. चार ओळखीच्या घरांत माल खपायचा आणि बाई खुश असायच्या. मग लेकीनं, मयुरानं, रॉटरडॅमला किराण्याचं दुकान काढलं आणि एके दिवशी तिचा फोन आला.

"आई, इथे सब लोग पूछते हैं, घरची भाजणी मिळेल का म्हणून. तू पाठव ना. जहाजानं."

जहाजानं! झाशीकरांना पाण्याचा टँकर आला तरी अप्रूप, तिथे जहाजाच्या गोष्टी. पण विद्याताईंनी लगेच पदर खोचला. दुकान नवं होतं, आणि मयुरानं मुहूर्ताच्या मालात आईचं नाव मोठ्या तोऱ्यात गिऱ्हाइकांना सांगून ठेवलं होतं. माल सादळला असता, तर लेकीची पहिल्याच घासाला शोभा झाली असती.

यजमान दिवाकरराव म्हणजे नियमाला धरून चालणारा माणूस. अख्खी नोकरी पार्सल ऑफिसात गेलेली. लोकांच्या गाठोड्यांतून तुपाचे डबे आणि रॉकेलच्या बाटल्या बाहेर काढण्यात त्यांची हयात गेली, आणि निवृत्तीनंतर काढायला काहीच उरलं नाही म्हणून ते जरा कोमेजले होते. हा माल जायचा ठरला आणि त्यांना पालवी फुटली. सदर बाजारात जयसिंग नावाचा माल पाठवणारा एजंट होता. त्याच्याकडे बसून त्यांनी सगळं समजून घेतलं. समुद्रावर कंटेनर दिवसा तापतो, रात्री गार पडतो, मग आतल्या छताला घाम फुटून तो खोक्यांवर ठिबकतो. म्हणून पाकिटं जाड, तोंडं पक्की बंद, खोक्यात ओल शोषणाऱ्या पुड्या, आणि ताजं-ओलं काहीही आत जाता कामा नये.

"ओलं काही नाही म्हणजे नाही," हे ते चहाला म्हणत, जेवताना म्हणत, झोपेत म्हणत असतील तर देव जाणे.

"कळलं हो," विद्याताई शेवटी करवादल्या. "मी काही कुरडया भिजवून पाठवत नाहीये."

आणि ह्याच बाईनं खोक्यात नारळ घातला.

वेडी म्हणा हवं तर. पण मयुरा लग्नानंतर ह्या घरातून कधी ओटीशिवाय गेली नव्हती. दरवेळी खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. दरवेळी लेकीची कुरकुर, "आई, वजन होतं गं," आणि स्टेशनावर ती नारळ गुपचूप रिक्षावाल्याला देऊन टाकते, हेही आईला ठाऊक होतं. ठाऊक असूनही आई भरायची. दुकान काढल्यापासून मयुराला येणं जमलं नव्हतं. घरून तिच्याकडे एवढा माल निघाला आणि त्यात ओटी नाही, हे विद्याताईंच्या जिवाला सोसेना. दिवाकरराव आंघोळीला गेल्याचं पाहून त्यांनी एका खोक्यातली सांडग्यांची पाकिटं काढली, खणात गुंडाळलेला नारळ आणि तांदळाची पुडी तिथे बसवली आणि वरून चिकटपट्टी ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयसिंग टेम्पो घेऊन आला. माल चढवून झाल्यावर चहा पिता पिता तो सहज बोलून गेला.

"अम्मा जी, पिछले साल एक सेठ ने खोखे में नींबू-मिर्ची धर दई. नजर न लगे करके. बंदरगाह पे पूरा कंटेनर अटक गओ. उनका भी माल गया, औरों का भी."

टेम्पो गेला. विद्याताईंचं अवसान त्याच्याबरोबर गेलं. भात करपला, आमटीत मीठ दोनदा पडलं. आपल्या खुळ्या हौसेपायी लेकीचा माल बंदरावर कुजणार, हे त्यांना समोर दिसायला लागलं. संध्याकाळी ट्रक बंदराकडे सुटणार होता. सांगावं तर नवऱ्याला, आणि नवरा म्हणजे साक्षात पार्सल ऑफिस. शेवटी दुपारची जेवणं झाल्यावर त्यांनी डोळे मिटून सांगून टाकलं.

दिवाकररावांनी हातातली सुपारी खाली ठेवली.

"कुठल्या खोक्यात?"

"तेच तर आठवत नाही हो. सगळी सारखीच."

आता दोन तास भाषण, असं विद्याताईंनी धरूनच ठेवलं होतं. पण दिवाकररावांनी चपला घातल्या आणि स्कूटरची किल्ली घेतली. "चल. भाषण परत येताना देतो."

जयसिंगच्या गोदामात खोक्यांची भिंत उभी होती. सगळी फोडायची तर बांधणी पुन्हा पहिल्यापासून, आणि तेवढ्यात ट्रक निघून जाणार. दिवाकरराव हातावर हात ठेवून उभे राहिले. विद्याताईंनी मात्र एक खोकं उचललं, कानाशी नेलं आणि हलवलं. मग दुसरं. बाजारात नारळ घेताना बायका हलवून पाहतात, तस्संच. कुरडयांची खोकी खुसखुसायची, भाजणीची मुकी. दिवाकररावही खोकं कानाला लावू लागले. जयसिंगचे हमाल तोंडाला गमछा लावून हसत होते, आणि हसण्यासारखंच होतं ते. अखेर एका खोक्यात पाणी डुचमळलं.

"हेच!" विद्याताई अशा ओरडल्या की हमाल दचकले.

नारळ बाहेर निघाला, खण आणि तांदूळही निघाले. बाईंनी पिशवीतून आणलेली सांडग्यांची पाकिटं दिवाकररावांनी जागच्या जागी लावली आणि खोकं पुन्हा बंद केलं. विद्याताई ती ओटी पोटाशी धरून उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

जयसिंग खाकरला. लेकीला रिकाम्या पदरानं धाडायचं नाही, ही रीत त्यालाही ठाऊक होती. "खाली आँचल बिटिया हमाए इतै भी नईं भेजत, अम्मा जी. पर जहाज वाले का जानें."

परतताना दिवाकररावांनी भाषण दिलं नाही.

पाऊस संपता संपता मयुराचा फोन आला. माल पोचला होता. "सगळं एकदम कुरकुरीत आहे, आई! भाजणी तो पहले ही दिन खतम. लोक परत मागतायत."

"ओलं काही नव्हतं ना आत," दिवाकरराव मागून म्हणाले. छाती फुगली होती त्यांची.

"हो बाबा." मयुरा म्हणाली. "आई, सगळी खोकी मी स्वतः उघडली. दुकानातल्या कुणाला हात लावू दिला नाही. एकेक करके, तळापर्यंत. ह्या वेळी तू ओटी नाही पाठवलीस?"

विद्याताईंनी फोन नवऱ्याच्या हातात दिला.

"पाठवली होती तिनं," दिवाकरराव म्हणाले. "मी काढली. नियम आहे बेटा."

पलीकडे मयुरा नाक ओढत म्हणाली, "नियम तर नियम. मग मीच येते ना, बाबा. नवरात्रात. आईला सांगा, आणि ह्या वेळी नारळ मी रिक्षावाल्याला नाही देणार."